मागणी स्पष्ट, तर काम नेमके

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

‘ध’ चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार महाराष्ट्रात लहानथोरांना ठाऊक आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात वध झाला. त्या प्रसंगी ‘नारायणरावांस धरावे’ या आज्ञेतील एक अक्षर बदलले आणि ‘मारावे’ असा हुकूम झाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतील खरेखोटे इतिहासकारांनी ठरवावे. परंतु लेखी आज्ञेतील एका अक्षराने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे मराठी माणसाच्या मनावर तिने कायमचे बिंबवले आहे.

त्या आख्यायिकेत अक्षर कोणीतरी जाणूनबुजून बदलले होते. संगणकाच्या कामात मात्र अक्षर न बदलताही अनर्थ होतो. मागणी करणारा एक अर्थ मनात धरून लिहितो, काम करणारा दुसरा अर्थ मनात धरून वाचतो, आणि दोघांनाही आपले बरोबर आहे असे प्रामाणिकपणे वाटत असते. दोघे एकाच खोलीत बसलेले असतील तर हा घोटाळा चहाच्या वेळेपर्यंत उघडकीस येतो. दोघांच्या मध्ये हजारो किलोमीटरचे अंतर असेल, तर तो काम पूर्ण झाल्यावर आणि पैसा खर्च झाल्यावर उघडकीस येतो. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

विखुरलेले काम

संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, आज बहुधा एका ठिकाणी तयार होत नाही. मुंबईत अंधेरी येथे ‘सीप्झ’ हे निर्यात क्षेत्र १९७३ साली उभे राहिले आणि त्याच दशकात तेथून परदेशांसाठी आज्ञावल्या लिहिण्यास प्रारंभ झाला. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगलोर येथे केंद्र उघडले आणि उपग्रहामार्फत ते आपल्या मुख्यालयाशी जोडले. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. आज पुणे-मुंबईतील असंख्य तरुण अशा गटांत काम करतात, ज्यांतील निम्मे सहकारी दुसऱ्या खंडात असतात.

हा विषय केवळ त्या तरुणांचा नाही. ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेची हजेरी, निधीचा हिशेब ही कामे आता संगणकावर होतात. त्या आज्ञावल्या लिहिणारा अभियंता बहुधा ज्या गावासाठी त्या लिहितो, तेथे कधीच गेलेला नसतो. म्हणजेच पंचायत, शाळा आणि कचेरी हीसुद्धा एका विखुरलेल्या गटाचीच अंगे झाली आहेत. मागणी स्पष्ट करण्याची जबाबदारी या दोन्ही टोकांवर आहे.

मंगळाच्या वाटेवरील धडा

अस्पष्ट मागणीची किंमत किती पडते, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने ११ डिसेंबर १९९८ रोजी ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाकडे सोडले. यानाचे मार्गनियमन कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत होत असे. यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीचा गट कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ होता. यानाचे छोटे अग्निबाण सुटले की त्यामुळे वेगात किती फरक पडला, याचे आकडे डेन्व्हरच्या गटाची आज्ञावली तयार करी आणि ते पासाडेनाच्या गटाकडे जात.

हे आकडे मेट्रिक पद्धतीत, म्हणजे न्यूटन-सेकंदांत असावेत, असे लेखी ठरलेले होते. प्रत्यक्षात ते पौंडांच्या परिमाणात जात राहिले. एक पौंड-बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. त्यामुळे प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा सुमारे साडेचार पट लहान वाचला गेला. एकेका वेळची चूक क्षुल्लक होती. नऊ महिन्यांच्या प्रवासात तिची बेरीज होत गेली. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचे यान प्रत्यक्षात सुमारे ५७ किलोमीटर उंचीवर आले, असे नंतरच्या गणिताने दिसले. यान वाचण्यासाठी किमान ८० किलोमीटर उंची आवश्यक होती. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान ग्रहाआड गेले आणि त्याचा संदेश पुन्हा आला नाही. केवळ यानाचाच खर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर होता.

या घटनेतील खरा बोध परिमाणांच्या पलीकडचा आहे. मागणी लिहिलेली होती, आणि ती स्पष्टही होती. मग उणीव कोठे राहिली? चौकशी मंडळाने आपल्या अहवालात ती नोंदवली आहे. ती आज्ञावली आणि तिचे आकडे यांची पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत तपासणी झाली नव्हती. मार्गनियमन करणाऱ्यांना यानाची पुरेशी ओळख नव्हती. आकडे जुळत नाहीत, अशी शंका काही जणांना प्रवासातच आली होती. परंतु ती अधिकृत नोंदीत न येता अनौपचारिक पत्रव्यवहारात राहिली. विचारलेला प्रश्न कोणाच्याही नावावर नव्हता, म्हणून त्याचे उत्तर देणे हे कोणाचेही कर्तव्य ठरले नाही.

संकेतस्थळ उघडले, पण दार बंद

दुसरे उदाहरण शासनव्यवहारातील असल्याने अधिकाऱ्यांना अधिक जवळचे वाटेल. अमेरिकेत २०१० साली आरोग्य विम्यासंबंधीचा नवा कायदा झाला. त्यानुसार नागरिकांना विमा निवडता यावा म्हणून ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू करण्यात आले. लक्षावधी लोकांनी ते उघडले. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी पूर्ण करू शकलेल्यांची संख्या होती सहा.

या कामासाठी सुमारे साठ कंत्राटे निरनिराळ्या कंपन्यांना दिलेली होती. तेथील लेखापरीक्षण संस्थेने २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात असे म्हटले की, महत्त्वाच्या तांत्रिक गरजा निश्चित होण्यापूर्वीच कामाचे आदेश देण्यात आले. अपेक्षा बदलत गेल्या तसा खर्चही वाढत गेला. मुख्य प्रणालीवरील खर्चाची बांधिलकी ५ कोटी ६० लाख डॉलरवरून २० कोटी ९० लाख डॉलरच्या वर गेली. विम्याच्या योजना पाहण्यापूर्वीच प्रत्येकाने आपले खाते उघडले पाहिजे, असा निर्णय उशिरा झाला. त्यामुळे सारी गर्दी खाते उघडण्याच्या एकाच दारावर लोटली. सर्व भाग एकत्र जोडून केलेली पूर्ण तपासणी उद्घाटनाच्या अवघे दोन आठवडे आधी सुरू झाली, असे कंत्राटदारांनी तेथील संसदीय समितीपुढे सांगितले.

पुढे जी दुरुस्ती झाली तीही लक्षात घेण्यासारखी आहे. सर्व भागांचा मेळ घालण्याची जबाबदारी एकाच कंपनीकडे सोपवण्यात आली. निरनिराळ्या ठिकाणच्या गटांच्या रोज दोन वेळा ठरावीक बैठका होऊ लागल्या. दोष कोणाचा यावर चर्चा करावयाची नाही, आणि हुद्द्याने मोठा असलेल्याऐवजी ज्याला त्या प्रश्नाची सर्वांत अधिक माहिती आहे त्याने बोलावयाचे, असे नियम करण्यात आले. काही आठवड्यांत काम सुरळीत झाले. एप्रिल २०१४ पर्यंत केंद्र व राज्ये यांच्या सर्व व्यवस्थांतून मिळून सुमारे ८० लाख लोकांनी विम्याची निवड केली. दुरुस्तीत तंत्रज्ञांचे कौशल्य होतेच. त्याच्या जोडीला, प्रश्न विचारण्याची आणि त्याचे उत्तर त्याच दिवशी मिळण्याची व्यवस्थाही उभी राहिली होती.

अस्पष्टता कोठून येते?

घरचेच एक उदाहरण कल्पनेने पाहता येईल. समजा, एखाद्या जिल्ह्याने अशी मागणी केली की, ‘घरपट्टीच्या सर्व थकबाकीदारांना आज्ञावलीने आपोआप सूचना पाठवावी.’ वाक्य सरळ आहे. ग्रामसेवकाला, सरपंचाला त्यात काही संदिग्ध वाटणार नाही. परंतु दूरच्या शहरात बसलेल्या अभियंत्यापुढे अनेक प्रश्न उभे राहतात. थकबाकीदार कोणाला म्हणावयाचे? चालू वर्षाची रक्कम न भरलेल्याला, की ३१ मार्च उलटल्यावरही न भरलेल्याला? अर्धी रक्कम भरणाऱ्याचे काय? घर तीन भावांच्या नावे असेल तर सूचना एकाला की तिघांना? नोंदीतील मालक मृत असेल आणि वारसांची नोंद झालेली नसेल तर? आकारणीवर अपील चालू असेल तर? दूरध्वनी क्रमांक नसेल तर सूचना कागदावर छापावी की त्या कुटुंबाला वगळावे?

हे सर्व प्रश्न ग्रामसेवक रोज सोडवत असतो. म्हणूनच ते त्याला प्रश्न वाटत नाहीत. नमुना ८ आणि नमुना ९ हाताळून हाताळून त्याच्या अंगवळणी पडलेले ज्ञान मागणीच्या वाक्यात उतरतच नाही. अभियंत्याला ते ज्ञान नसते, आणि आपल्याला ते नाही हेही त्याला ठाऊक नसते. तो आपल्या समजुतीने एकेक पोकळी भरत जातो. या न विचारलेल्या समजुती हेच अस्पष्टतेचे पहिले उगमस्थान होय.

दुसरे उगमस्थान म्हणजे एकाच खुणेचे दोन अर्थ. ‘०३/०४’ अशी तारीख लिहिली तर ती भारतात ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च होते. भारतात लाखाचा स्वल्पविराम ‘१,००,०००’ असा पडतो, तर पाश्चात्त्य देशांत ‘१००,०००’ असा. मराठी नाव अनेक कचेऱ्यांत आडनावापासून लिहितात, तर परदेशी आज्ञावली पहिला शब्द हेच स्वतःचे नाव समजते. शाळेतील ‘लाभार्थी विद्यार्थी’ म्हणजे पटावरील, हजर असलेले, की प्रत्यक्ष भोजन घेतलेले? तिन्ही संख्या वेगळ्या असतात आणि तिन्हींना शाळेत नेहमीच्या बोलण्यात एकच शब्द वापरला जाऊ शकतो. ‘वयाची ६ वर्षे पूर्ण’ असे म्हटले तर ती कोणत्या तारखेस पूर्ण झालेली असावीत, हे सांगितल्यावाचून प्रवेशाची यादी निघू शकत नाही.

तिसरे उगमस्थान म्हणजे विशेषणे. ‘जलद’, ‘सोपे’, ‘सुरक्षित’, ‘शक्यतो लवकर’ हे शब्द भाषणात शोभतात. मागणीपत्रात ते काहीच सांगत नाहीत. ‘शंभर जणांनी एकाच वेळी अर्ज भरला तरी पावती पाच सेकंदांत मिळावी’ असे म्हटले, तर ते मोजता येते आणि म्हणून तपासताही येते.

अंतराची भर

अशा अस्पष्टतेत अंतर भर घालते. हिवाळ्यात पुणे आणि न्यूयॉर्क यांच्या वेळांत साडेदहा तासांचा फरक असतो. पुण्यातील अभियंत्याला सकाळी ११ वाजता शंका आली तर न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. तेथील माणूस सकाळी १० वाजता उत्तर देतो तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. एका प्रश्नाला एक दिवस लागतो. उत्तरातून उपप्रश्न निघाला की दुसरा दिवस जातो. मुदत जवळ आलेली असते. मग माणूस विचारणे सोडून देतो आणि अंदाजाने पुढे जातो. तो आळशी नसतो. विचारण्यापेक्षा अंदाज करणे त्याला स्वस्त पडते, एवढेच. वरिष्ठांना प्रश्न विचारणे म्हणजे आपले अज्ञान उघडे करणे, असा संकोच जेथे असेल तेथे हे अधिकच घडते.

मेल्व्हिन कॉन्वे या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली असे मत मांडले की, कोणतीही संस्था जी रचना तयार करते, तिच्यात त्या संस्थेतील परस्पर-संपर्काचीच आकृती उमटते. दोन गट एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांनी बनवलेले दोन भागही एकमेकांशी नीट जुळत नाहीत. फ्रेडरिक ब्रुक्स यांनीही १९८६ मध्ये असे प्रतिपादन केले की, आज्ञावली तयार करताना सर्वांत कठीण भाग म्हणजे नेमके काय तयार करावयाचे हे ठरवणे. या दोन्ही मतांचा रोख एकच आहे. यंत्रापेक्षा माणसांमधील समजुतीचा प्रश्न मोठा आहे.

उपाय कोणते?

पहिला उपाय म्हणजे उदाहरणांनी मागणी सांगणे. नियमाबरोबर खऱ्या वाटतील अशा चार-पाच नोंदी द्याव्यात आणि प्रत्येकीचे अपेक्षित उत्तर लिहावे. ‘अमुक घराची मागणी १,२०० रुपये, भरणा ७०० रुपये, तारीख १ एप्रिल: सूचना जावी, रक्कम ५०० रुपये.’ एवढ्या एका ओळीने पानभर वर्णनापेक्षा अधिक उलगडा होतो. त्यांत एक तरी अडचणीची नोंद असावी, कारण संदिग्धता नेहमीच्या नोंदींत सहसा सापडत नाही. काम पूर्ण झाल्यावर तपासणीही याच नोंदींनी करता येते.

दुसरा उपाय म्हणजे शब्दांचा कोश. ‘थकबाकीदार’, ‘कुटुंब’, ‘लाभार्थी’, ‘हजर’ अशा पंधरा-वीस शब्दांची व्याख्या आरंभीच एका पानावर करावी आणि सर्व गटांनी तीच पाळावी. तारीख, परिमाण आणि चलन कसे लिहावयाचे हेही त्याच पानावर नमूद असावे.

तिसरा उपाय म्हणजे बंधनकारक आणि ऐच्छिक यांतील भेद. कायद्याच्या मराठीत ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतील अंतर अधिकाऱ्यांना चांगले माहीत असते. इंटरनेटची मानके लिहिणाऱ्यांनाही हीच गरज भासली. मार्च १९९७ मध्ये त्यांनी ‘केलेच पाहिजे’, ‘करावे’ आणि ‘केले तरी चालेल’ अशा अर्थाच्या शब्दांची बंधनशक्ती एका स्वतंत्र टिपणात निश्चित करून टाकली. निरनिराळ्या देशांतील, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी लिहिलेल्या आज्ञावल्या एकमेकींशी बोलू शकतात, त्याला अशा शिस्तीचा मोठा हातभार आहे.

चौथा उपाय म्हणजे उलट-कथन. काम करणाऱ्याने मागणी वाचून आपल्या शब्दांत परत लिहावी आणि मागणी करणाऱ्याने ती वाचून संमती द्यावी. शिक्षक वर्गात ‘समजले का?’ असे विचारून थांबत नाही. तो विद्यार्थ्याला फळ्याजवळ बोलावून उदाहरण सोडवावयास सांगतो. ‘समजले’ या उत्तरावर विसंबणे वर्गात चालत नाही, तसेच ते कामातही चालत नाही. मंगळयानाच्या बाबतीत नमुन्याचा एक आकडा दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे काढून ताडून पाहिला असता, तर साडेचार पटींची तफावत लपून राहिली नसती.

पाचवा उपाय म्हणजे प्रश्नांची नोंदवही. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक, तारीख, उत्तर देणाऱ्याचे नाव आणि मुदत असावी. उत्तर मिळेपर्यंत काय गृहीत धरून काम चालू आहे, तेही लिहावे. ‘मुदतीत उत्तर न आल्यास आंशिक भरणा करणाऱ्यासही सूचना जाईल, असे समजून काम केले जाईल’ अशी नोंद असली की मौनाचाही अर्थ निश्चित होतो. दूरध्वनीवरील बोलण्याचे दोन ओळींचे इतिवृत्त त्याच वहीत यावे. प्रत्यक्ष बोलण्याने समज लवकर होते आणि लेखी नोंदीने ती टिकते. दूरच्या गटांना दोन्हींची गरज आहे. दोन्ही टोकांना सोयीची अशी रोजची अर्धा-एक तासाची वेळ प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवली, तर दिवसाची दिरंगाई तासावर येते.

सहावा उपाय म्हणजे लवकर आणि थोडे थोडे दाखवणे. वर्षाअखेर संपूर्ण प्रणाली समोर ठेवण्यापेक्षा, पंधरवड्यात एक पडदा, एक पावती, एक यादी दाखवावी. ‘हे असे नको होते’ हे वाक्य दुसऱ्या आठवड्यात ऐकणे स्वस्त असते. उद्घाटनानंतर ते ऐकावे लागले तर त्याची किंमत नागरिकाला मोजावी लागते.

मागणी करणाऱ्याचे कर्तव्य

या सर्व उपायांत काम करणाऱ्याइतकाच भार मागणी करणाऱ्यावर आहे. कचेरीने अंतिम शब्द देणारी एक व्यक्ती नेमावी. पाच विभागांनी पाच निरनिराळी उत्तरे दिली, तर अभियंता त्यांतील सर्वांत सोपे उत्तर उचलणार, हे उघड आहे. मागणी बदलणे हा गुन्हा नाही. कायदे बदलतात, योजना बदलतात. परंतु बदल तोंडी सांगू नये. कोणता बदल, कोणत्या तारखेपासून आणि त्यामुळे आणखी काय बदलते, हे त्याच नोंदवहीत यावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, प्रत्यक्ष वापर करणाऱ्याला आरंभापासून विचारणे. मंत्रालयात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी ठरलेली मागणी ज्या ग्रामसेवकाच्या, ज्या शिक्षिकेच्या हाती अखेर पडणार, त्यांचे प्रश्न सर्वांत आधी ऐकले पाहिजेत. वीज जाते, जाळे तुटते, एकाच शिक्षकाला चार वर्ग सांभाळावे लागतात, या गोष्टी मागणीपत्रात सहसा येत नाहीत आणि प्रणाली पुष्कळदा नेमकी तेथेच अडते.

आज्ञावलीतील चूक संगणकाच्या पडद्यावर एक ओळ म्हणून दिसते. गावात तीच चूक एखाद्या वृद्धेला कर भरूनही आलेली थकबाकीची सूचना म्हणून दिसते. ती सूचना हातात घेऊन ती पंचायतीच्या पायऱ्या चढते तेव्हा ‘संगणकाने तसे काढले’ हे उत्तर तिला पुरत नाही आणि पुरूही नये. संगणकाने तेच काढलेले असते जे त्याला सांगण्यात आले. सांगणाऱ्याने पूर्ण सांगावे, ऐकणाऱ्याने निःसंकोच विचारावे, आणि ठरले ते दोघांनी उदाहरणाने ताडून पाहावे. एवढे पथ्य पाळले गेले, तर अंतर कितीही असो, ‘ध’ हा ‘ध’ च राहील.